कर्णिकांची घरपोच सभा

बदलापूर पूर्वेला शिरगावात 'शिवगंगा' नावाची तीन मजली इमारत आहे. नावात गंगा असली तरी एप्रिल उजाडला की तिच्या नळांतून नुसती हवा यायची. तरीही तिथल्या सोळा बिऱ्हाडांचं तसं अडत नसे, कारण इमारतीच्या मागे मोठी मोकळी जागा होती आणि त्या जागेत एक जुनी, बांधीव विहीर होती. या जागेसाठी दुसऱ्या मजल्यावरचे दिनानाथ कर्णिक दहा वर्षं भांडले. कुणाशी भांडतोय हे त्यांना नीट ठाऊक होतं, असं त्यांना वाटायचं.

कर्णिक अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. एक वायसर कमी भरला तर अख्खी पाळी खोळंबवणारा माणूस. कारखान्यात त्यांना मागून 'तराजू' म्हणत आणि तोंडावर 'कर्णिकसाहेब'. दोन्ही नावं त्यांना माहीत होती आणि दोन्हींचा त्यांना अभिमान होता. बायको मालिनी म्हणायची, "अहो, घरात तरी हिशेबाशिवाय बोला." पण स्वभावाला औषध नसतं.

त्यांच्या समोरच्या दारात श्यामकांत खोपकर राहायचे. तेही त्याच कारखान्यात, टाइम ऑफिसात. वीस वर्षांची दोस्ती. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये दोघांच्या खोल्यांना एकच भिंत होती, आणि रिटायर झाल्यावर त्या सोडाव्या लागणार म्हणून दोघांनी ब्याऐंशी साली एकाच दिवशी शिवगंगेत फ्लॅट बुक केले. नकाशा बघताना कर्णिकांनी मागच्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं होतं, "हे काय?" बिल्डर चौबळ हसून म्हणाला होता, "ती तुमची मोकळी जागा, काका. मुलांना खेळायला. विहिरीसकट तुमची." कर्णिकांनी करारनाम्याला तो नकाशा जोडून घेतला आणि त्यावर चौबळची सही घेतली. सही घेतल्याशिवाय स्टोअरमधून खिळासुद्धा बाहेर न सोडणारा माणूस तो.

चौऱ्याऐंशीत सगळे राहायला आले. नव्याचे नऊ दिवस सरले आणि कर्णिकांनी चौबळला विचारलं, "सोसायटी कधी रजिस्टर करता?" "होईल हो काका, घाई काय!" वर्षभर हेच उत्तर. मग एक दिवस कर्णिक ठाण्याहून कायद्याचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले, त्याला खाकी कव्हर घातलं आणि रोज संध्याकाळी चहाबरोबर वाचायला बसले. त्यांना कळलं की फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरसाठी त्रेसष्ट सालचा वेगळा कायदा आहे. त्यात लिहिलंय की ठरावीक लोकांनी फ्लॅट घेतले की बिल्डरनं चार महिन्यांत सोसायटीसाठी अर्ज करायचा, दाखवलेल्या नकाशात घेणाऱ्यांच्या संमतीशिवाय फेरफार करायचा नाही, आणि सोसायटी झाली की इमारत आणि जमीन तिच्या नावावर करून द्यायची. या शेवटच्या प्रकाराला सगळे 'कन्व्हेयन्स' म्हणतात. तो होईपर्यंत फ्लॅट तुमचा, पण पायाखालची जमीन बिल्डरची आणि मूळ मालकाची. म्हणजे घर आपलं आणि अंगण परक्याचं!

"श्याम, आपण वर्षभर हवेत राहतोय," कर्णिकांनी समोरच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

"मग खाली उतरव की," खोपकर म्हणाले. "तू वाच, मी सोबत येतो."

आणि ते आले, हे सांगायलाच हवं. उपनिबंधकांच्या कचेरीत दोघं मिळून किती खेपा घातल्या त्याला गणती नाही. सरकारी काम, त्यात बिल्डरचा असहकार. पण शहाऐंशी साली चौबळच्या सहीशिवायच सोसायटी रजिस्टर झाली. दाखला हातात आला त्या दिवशी दोघांनी सोळा घरी पेढे वाटले. खोपकर चेअरमन झाले, कर्णिक सेक्रेटरी. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.

आता सोसायटी म्हटली की सभा आली. कर्णिकांनी पहिली सर्वसाधारण सभा पोटनियमांत सांगितल्याप्रमाणे चौदा दिवस आधी नोटीस लावून बोलावली. गच्चीवर सतरंजी टाकली, खाली जाऊन फळ्यावर बाण काढला. गणपूर्तीला अकरा माणसं हवी होती. आली तीन. त्यांतले दोन कर्णिक आणि खोपकर, आणि तिसरे पहिल्या मजल्यावरचे म्हातारे आजोबा, तेही वाळत घातलेले पापड बघायला. नियमाप्रमाणे अर्धा तास सभा तहकूब झाली. अर्ध्या तासानं आजोबाही पापड घेऊन गेले.

लोकांचंही खरंच होतं म्हणा. कुणी पहिल्या पाळीला, कुणी तिसऱ्या, चारजण पहाटे मुंबईला जाऊन दिवेलागणीला परतणारे. सोळा पुरुष एका वेळी जागे असतील असा तासच आठवड्यात नव्हता. तेव्हा कर्णिकांनी एक तोड काढली. ही तोड दुसऱ्या कुणी काढली असती तर त्यांनी ते खाकी पुस्तक त्याच्या डोक्यात घातलं असतं.

रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मिनिट बुक काखेत मारून कर्णिक तळमजल्यापासून सुरुवात करायचे. प्रत्येक दारात थांबून विषय सांगायचे, मत विचारायचे, चहा घ्यायचे आणि पुस्तकाच्या उजव्या पानावर हजेरीची सही घ्यायचे. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेस्तो अकराच्या वर सह्या आणि सात कप चहा व्हायचा. मग दुपारी घरी बसून डाव्या कोऱ्या पानावर ते सुवाच्य अक्षरात लिहीत : 'सभा सायंकाळी पाच वाजता सुरू होणार होती. गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब करून साडेपाच वाजता पुन्हा सुरू झाली.' पुढे सगळ्यांची मतं, विरोधसुद्धा, जसाच्या तसा. एकदा कुणी 'सेक्रेटरी फार बोलतात' असं म्हटलं होतं, तेही त्यांनी इमानदारीत लिहून ठेवलं.

इमारतीत तिला 'घरपोच सभा' म्हणत. पोरं जिन्यातून ओरडायची, "आई, सभा आली! चहा टाक!"

कर्णिकांना यात काही वावगं वाटलं नाही. सभा खोटी होती, पण मतं खरी होती, सह्या खऱ्या होत्या, आणि लिहिणारा हात त्यांचा होता. फक्त एकच गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. सह्या आधी व्हायच्या, मजकूर नंतर. आठ वर्षांत सोळा बिऱ्हाडांना कोऱ्या पानाशेजारी सही करायची सवय लागली, आणि ती सवय त्यांना लावली इमारतीतल्या सर्वांत काटेकोर माणसानं.

या सभांनी चांगली कामंही झाली. अठ्ठ्याऐंशीत तिसऱ्या मजल्यावरचे टिपणीस अचानक गेले. त्यांची बायको उमा शाळेत शिक्षिका होती. करारनामा एकट्या टिपणिसांच्या नावावर, आणि चौबळचा माणूस येऊन तिला म्हणाला की फ्लॅट आता वादात आहे, बाई. कर्णिक भडकले. त्यांनी वारसाचं कलम शोधलं, अर्ज लिहून दिला, आणि पुढच्याच रविवारी घरपोच सभा घेऊन सभासदत्व उमाताईंच्या नावावर केलं. शेअर सर्टिफिकेट हातात घेताना त्या रडल्या होत्या. "भाऊजी, तुमचे उपकार मी विसरणार नाही," म्हणाल्या. तेव्हापासून संक्रांतीचा पहिला तिळगूळ कर्णिकांच्या घरी यायचा.

राहिला होता तो कन्व्हेयन्स. चौबळ आता मोठा झाला होता, बदलापुरात त्याच्या पाच इमारती उभ्या होत्या, आणि शिवगंगेच्या मागच्या जागेत त्याला सहावी दिसायला लागली होती. एक्क्याण्णव साली एक माणूस टेप घेऊन विहिरीभोवती मापं घेताना दिसला. कर्णिक बनियनवरच खाली धावले. माणूस पळाला, पण कर्णिकांनी ओळखायचं ते ओळखलं. विहीर बुजवून तिथं दुसरी विंग उठणार होती.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. ठाण्याच्या ग्राहक मंचात सोसायटीतर्फे चौबळवर तक्रार टाकली. आणि जमिनीची मूळ मालकीण गयाबाई, तिला जाऊन भेटले.

गयाबाई शिरगावच्या जुन्या वस्तीत, कौलारू घरात राहायची. विहीर तिच्या सासऱ्यानं खणलेली. तिच्या नवऱ्यानं चौबळच्या जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून अंगठा दिला होता, तो कागद जमिनीच्या अर्ध्या भागाचा आहे समजून. निघाला सगळ्या जमिनीचा. तेव्हापासून म्हातारी कागदाला विंचवागत दुरून बघायची. ती जागा मोकळी ठेवायचं ठरलं होतं आणि सोसायटीला द्यायला आपली हरकत नाही, एवढंच कर्णिकांना तिच्याकडून लिहून हवं होतं.

"मना वाचून दाखव," ती म्हणाली. कर्णिकांनी वाचलं.

"पुन्हा वाच. पयल्यापासून."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं सुनेला हाक मारली. ती चौथीपर्यंत शिकलेली, तिच्याकडून चौथ्यांदा वाचून घेतलं. मग शाई मागवली. "बाव बुजवू नको देस," अंगठा पुसत ती म्हणाली, "माझे सासऱ्याची हाय ती."

कर्णिकांनी हा किस्सा घरी येऊन मालिनीला आणि खोपकरांना हसत हसत सांगितला. चार वेळा वाचायला लावलं म्हातारीनं! तिघंही हसले.

मंचात तारखा पडत राहिल्या. चौबळचा वकील कधी आजारी, कधी गावाला. तरी कर्णिक प्रत्येक तारखेला कारखान्यात अर्धी रजा टाकून ठाण्याला जायचे. सोबत खोपकर असायचे. त्र्याण्णवच्या अखेरीपासून मात्र त्यांचं येणं कमी झालं. कारखान्यातली खाती एकेक करून बंद होत होती, टाइम ऑफिसवर कुऱ्हाड येणार अशी बातमी होती, आणि खोपकरांचा मोठा मुलगा बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसला होता. कर्णिकांनी समजून घेतलं. "तू घर सांभाळ श्याम, कोर्ट मी बघतो," ते म्हणाले.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत कर्णिकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दीड महिना जिना चढायचा-उतरायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं. मिनिट बुक त्यांनी स्वतःहून खोपकरांच्या हाती दिलं. उमाताई दोनदा मऊ भात आणि मेतकूट घेऊन आल्या. बाकीचेही डोकावून गेले, पण कुणी फार वेळ बसलं नाही. आजारी माणसाला दमवू नये म्हणून असेल, असं मालिनी म्हणाली.

एका रविवारी सकाळी खोपकर शहाळं आणि मिनिट बुक घेऊन आले.

"दिनू, उन्हाळ्याआधी पाण्याची टाकी साफ करून आतून लेप द्यायचाय. एक सभा लावून टाकली. तुझी तेवढी सही राहिलीय."

कर्णिकांनी पुस्तक उघडलं. उजव्या पानावर पंधरा सह्या. एकाही फेरीत त्यांना स्वतःला पंधरा मिळाल्या नव्हत्या. त्यांना भरून आलं.

"अरे, माझ्यापेक्षा तूच बरा सेक्रेटरी!"

"कसलं काय. तुझीच शिकवण."

डावं पान कोरं होतं. कर्णिकांनी उजवीकडे सोळावी सही केली आणि डाव्या पानाच्या तळाशी, 'सेक्रेटरी' म्हणून दुसरी.

"मजकूर मी लिहितो, तुझ्यासारखाच," खोपकर म्हणाले आणि शहाळं फोडायला आत गेले.

टाकी खरोखर साफ झाली. लेपही दिला गेला.

जूनमध्ये मंचात तारीख होती. कर्णिक पोटाला पट्टा बांधून गेले. या खेपेला चौबळचा वकील वेळेवर हजर. त्यानं सोसायटीच्या ठरावाची चेअरमनच्या सही-शिक्क्याची नक्कल पुढे केली. सर्व सोळा सभासदांच्या उपस्थितीत एकमतानं मंजूर : मागील जागेत नवीन विंग बांधण्यास संस्थेची संमती आहे, विहीर बुजवण्यास हरकत नाही, आणि संस्था ही तक्रार मागे घेत आहे. खाली चेअरमनची सही. शेजारी सेक्रेटरीची.

"ही सही तुमचीच ना?" मंचाच्या अध्यक्षांनी विचारलं.

कर्णिकांनी कागद हातात घेतला. सही त्यांचीच होती. तारीख त्यांच्या अंथरुणाची होती. वर श्यामच्या अक्षरात लिहिलं होतं, 'गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब करून साडेपाच वाजता पुन्हा सुरू झाली.' त्यांचं वाक्य, शब्दाला शब्द. त्या क्षणी त्यांना आधी राग आला नाही. आधी लाज वाटली. "सही माझी आहे," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना येतच नव्हतं.

घरी न जाता ते सरळ समोरच्या दारात गेले. खोपकरांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून ते बाजूला झाले. नाकारायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. तेवढं तरी केलं असतं तर!

"पोराला नव्या विंगमध्ये खाली गाळा देतोय तो," खोपकर म्हणाले. "मेडिकल टाकेल. दिनू, माझी नोकरी मार्चपर्यंत. तुझी लेक मीनल लग्न होऊन सुखानं नांदतेय. माझ्याकडे काय आहे?"

"मला सांगायचंस."

"तू ऐकलं असतंस? तू कलम काढलं असतंस."

"चौदा जणांना फसवलंस तू, श्याम. टाकीच्या नावाखाली."

खोपकरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "चौदा जणांना नाही. त्यांना खरं तेच सांगितलं. दारोदार जाऊन, तुझ्यासारखं. चौबळ बोअरवेल देतोय, सगळ्यांना खिडक्यांना ग्रिल देतोय, ज्यांनी बाल्कन्या आत घेतल्यात त्यांचं पालिकेत निभावून नेतोय. सगळे हो म्हणाले. टाकी फक्त तुला सांगितली."

शत्रूनं गळा कापला तर माणूस निदान ओरडतो. इथे वीस वर्षांच्या मित्रानं केसानं गळा कापला, आणि बाकीचे चौदा दिवे धरून उभे होते. कर्णिक आपल्या दारापर्यंतची चार पावलं चालले आणि चपला काढायच्या राहून गेल्या. मालिनीनं सगळं ऐकलं. ती रडली नाही, तिनं फक्त विचारलं, "उमाताईंनीसुद्धा?" कर्णिकांनी मान हलवली. मेतकूट-भात घेऊन आल्या होत्या त्याच आठवड्यातली ती सही होती.

पण तराजू इतक्यात झुकणार नव्हता. दुसऱ्या दिवशी ते खोपकरांकडून मिनिट बुक परत घेऊन उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये ॲडव्होकेट वासवानींकडे गेले. सोसायट्यांच्या भानगडींतच ज्यांचे केस पिकले असे हे वकील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला, मग मिनिट बुकाची मागची पानं चाळली, आणि बराच वेळ चाळत राहिले.

"कर्णिकसाब, सहकारी कोर्टात जा, बोला की ही सभा झालीच नाही. चलेगा. पण सामनेवाला वकील विचारेल, याच्या आधीची झाली होती काय? उसके आधीची? सगळीकडे साडेपाच वाजता सुरू झाली लिखेला है. आपके हाथ से."

कर्णिकांनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं.

"एक सभा खोटी म्हणाल तर आठ साल की सगळी खोटी होतात. कमिटीची निवड गेली, ट्रान्सफर गेले, ही तक्रार टाकायचा ठराव पण गेला. आणि खोटं लिहिलं कोणी? सेक्रेटरीने. देखो साहब, कायदा आपकी तरफ है. साइन आपके खिलाफ है."

"मग काहीच नाही?"

"एकच. खरी सभा बोलवा. मागच्या सभेचे मिनिट्स कायम करायला ठेवा. लोक समोर बसून 'नाही' बोलले, तर मला काहीतरी पकडता येईल. समोर बसून खोटं बोलणं सोपं नसतं."

परतताना कर्णिक गयाबाईकडे गेले. तिचा अंगठा घेतला होता, सांगणं भाग होतं. म्हातारी ओटीवर सुकी मासळी निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं.

"तू तं शिकलेला नं, भाऊ? मंग वाचलं कसं नाय?"

कोरं होतं, असं सांगायला कर्णिकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कोऱ्या कागदावर सही केली हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगणार? हात दाखवून अवलक्षण ते हेच. तिनं सुनेला हाक मारून त्यांना पाणी द्यायला सांगितलं.

सभेची नोटीस त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली आणि या खेपेला कुणाच्याही दारात गेले नाहीत. पंधरा घरांत पोस्टानं पाठवली, पोचपावतीसह. विषय पहिला : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. सभेच्या आदल्या दिवशी उमाताई शाळेतून येताना जिन्यात भेटल्या. कर्णिक त्यांना चुकवून वर जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली.

"भाऊजी, खोपकर म्हणाले, केस चालली तर वकील जुनी पुस्तकं मागेल. माझं नाव त्याच पुस्तकात आहे. ती सभाही तशीच झाली होती ना?"

"तशीच," कर्णिक म्हणाले.

"मुलगी दहावीला आहे. मी कुठे जाऊ?"

वारसाचं कलम पक्कं होतं, हक्क त्यांचाच होता, पुन्हा ठराव करता आला असता, हे सगळं त्यांनी सांगितलं. उमाताई ऐकत होत्या, आणि त्यांना यातलं काहीही पटलेलं नाही हे कर्णिकांना दिसत होतं. कायद्यानं एकदा वाचवलेल्या माणसाला कायद्याचीच जास्त भीती वाटते. तरी जाताना त्या म्हणाल्या, "उद्या बघू, भाऊजी. तुमच्यासमोर बसून माझा हात वर होणार नाही." या एका वाक्यावर कर्णिक रात्री जेवले.

सभा जुलैतल्या रविवारी, गच्चीवरच्या पत्र्याखाली, पाच वाजता. कर्णिक पावणेपाचला सतरंज्या घेऊन वर गेले तर तिथे आधीच नऊ माणसं बसलेली. पाचला पाच मिनिटं असताना सगळे पंधरा आले. तिसऱ्या पाळीचे झोप सोडून आले, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना नातवानं हाताला धरून आणलं. आठ वर्षांत जी गणपूर्ती कधी झाली नव्हती ती झाली, आणि अर्धा तास थांबावंही लागलं नाही.

कर्णिक उभे राहिले. त्यांनी खोपकरांनी लिहिलेला ठराव मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, "ही सभा झाली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. याआधीच्याही झाल्या नाहीत, तो दोष माझा. जे व्हायचं ते माझं होईल. पण मी तुमच्याकडून कधी न सांगता सही घेतली नाही. माझी मात्र तुम्ही मी अंथरुणावर असताना, टाकीचं सांगून घेतलीत. मला फार वाईट वाटलंय. आता ज्यांना हे इतिवृत्त खरं वाटतं त्यांनी माझ्याकडे बघून हात वर करा."

कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. हात मात्र वर गेले. आधी ग्रिल मिळणारे, मग बाल्कन्या आत घेतलेले, मग खोपकर. आजोबांचा हात नातवानं वर धरला. उमाताई सतरंजीच्या काठाचे धागे ओढत बसल्या होत्या. चौदा हात मोजून झाले आणि सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी हात उचलला, जेमतेम खांद्यापर्यंत.

"पंधरा," खोपकर हळूच म्हणाले. "विरोधात?"

कर्णिकांनी हात वर केला.

पुढचे विषय नव्हते. खोपकरांनी मिनिट बुक त्यांच्यापुढे सरकवलं. "दिनू, हे तूच लिही. आज सगळे आहेत तोवर सह्या होऊन जाऊ दे." तो आवाज वीस वर्षांपूर्वीचाच होता, क्वार्टर्सच्या भिंतीपलीकडून काडेपेटी मागणारा. कर्णिकांना वाटलं, उठावं, पुस्तक फेकून द्यावं. पण सेक्रेटरी तेच होते, आणि इतिवृत्त लिहिणं सेक्रेटरीचं काम होतं.

ते मांडी घालून लिहायला बसले. यावेळी डावं पान आधी. 'सभा ठीक पाच वाजता सुरू झाली. गणपूर्ती होती.' हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच लिहिलं आणि हात थांबला. मग पुढे लिहिलं, स्वतःचं बोलणं, मतदान, बाजूनं पंधरा, विरोधात एक. लिहून झाल्यावर पुस्तक फिरवून सगळ्यांसमोर ठेवलं.

"वाचून सही करा," ते म्हणाले.

कुणीही वाचलं नाही. एकेकानं वाकून उजव्या पानावर सही केली आणि चपला घालून जिना उतरला. उमाताईंनी पेन परत देताना "भाऊजी" म्हटलं आणि त्या जिन्याकडे वळल्या. शेवटी गच्चीवर कर्णिक एकटे उरले. त्यांनी ते पान वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मग त्यांनी सही केली.